सोब्रालच्या काचा : एका नाभिदोषाची परीक्षा

१

सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश वाकतो काय, आणि वाकत असल्यास किती, या प्रश्नाचे उत्तर ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडन येथे रॉयल सोसायटी व रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांच्या संयुक्त सभेत जाहीर करण्यात आले. सभेचे अध्यक्ष जे. जे. टॉमसन हे होते. त्या वर्षीच्या २९ मेच्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी गेलेल्या दोन इंग्रज तुकड्यांचे निष्कर्ष तेथे मांडले गेले आणि आइन्स्टाइनच्या सिद्धांताला त्यांचा पाठिंबा असल्याचे सांगण्यात आले. विज्ञानाच्या इतिहासावरील बहुतेक पुस्तकांत एवढी हकीकत येते. तिच्यात सहसा न येणारी बाब अशी की, हे वेध तीन दुर्बिणींनी घेतले होते; त्यांपैकी दोन दुर्बिणींचे आकडे आइन्स्टाइनच्या भाकिताजवळ गेले, तर तिसरीचा आकडा न्यूटनच्या गणिताजवळ गेला. या तिसऱ्या दुर्बिणीच्या साक्षीला अंतिम निर्णयात जवळजवळ स्थान देण्यात आले नाही, कारण तिचा फोकस ऐन ग्रहणाच्या वेळी बिघडला होता.

कारण खरे असले तरी ते सोयीचेही होते. प्रतिकूल पुरावा सदोष ठरवून बाजूला सारणे आणि सदोष पुरावा त्याच्या दोषामुळे बाजूला सारणे, या दोन कृती बाहेरून सारख्याच दिसतात. त्यांतील भेद ओळखायचा झाल्यास दोष कसा आढळला, त्याची परीक्षा कोणत्या क्रमाने झाली आणि त्याच्या दुरुस्तीचे कोणते प्रयत्न झाले, हेच पाहावे लागते. प्रस्तुत लेखात सोब्राल येथील त्या काचांचा विचार या दृष्टीने केला आहे.

२

प्रथम मापाची कल्पना असणे आवश्यक आहे. प्रकाशाला वजन आहे असे मानून न्यूटनच्या नियमाने गणित केले, तर सूर्याच्या अगदी कडेला प्रकाशाचे विचलन सुमारे ०.८७ विकला येते. आइन्स्टाइनने १९१५ साली काढलेला आकडा याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १.७५ विकला होता. एका अंशाच्या साठ कला व एका कलेच्या साठ विकला हे ध्यानात घेतले, म्हणजे हे माप किती सूक्ष्म आहे ते कळते. शिवाय हे विचलन सूर्याच्या कडेपासून दूर जावे तसे कमी होत जाते, आणि अगदी कडेवरील तारे प्रभामंडलाच्या तेजात हरवतात. त्यामुळे प्रत्यक्ष मोजावयाचे विचलन बहुधा एका विकलेहूनही कमी असते.

१९१९ चे ग्रहण या कामाला विशेष अनुकूल होते. त्या दिवशी सूर्य रोहिणीच्या परिसरातील ताऱ्यांच्या दाट समूहापुढे येणार होता. ही गोष्ट राजज्योतिषी फ्रँक डायसन यांनी १९१७ सालीच निदर्शनास आणली होती. त्यानुसार आर्थर एडिंग्टन व एडविन कॉटिंगहॅम हे आफ्रिकेच्या पश्चिमेकडील प्रिन्सिपे बेटावर, तर ग्रिनिच वेधशाळेचे अँड्र्यू क्रॉमेलिन व चार्ल्स डेव्हिडसन हे ब्राझीलमधील सोब्राल या गावी गेले.

सोब्रालच्या तुकडीजवळ दोन दुर्बिणी होत्या. पहिली ग्रिनिच वेधशाळेतील १३ इंची ॲस्ट्रोग्राफ. आकाशाचा छायाचित्रमय नकाशा तयार करण्यासाठी ठरविलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती बनलेली असून तिचे नाभीय अंतर ३.४३ मीटर होते. म्हणजे काचेवरील एक मिलिमीटर अंतर आकाशातील एका कलेबरोबर होई. दुसरी दुर्बीण ४ इंची भिंगाची व १९ फूट नाभीय अंतराची होती. फादर कॉर्टी यांच्या सूचनेवरून ती ऐनवेळी जोड म्हणून सोबत घेण्यात आली. मुख्य भिस्त ॲस्ट्रोग्राफवर होती.

दोन्ही दुर्बिणी जमिनीवर आडव्या ठेवलेल्या होत्या. आकाशाकडे त्यांचे तोंड नव्हते. त्यांच्यासमोर सीलोस्टॅट नावाच्या यंत्रावर बसविलेला सपाट आरसा घड्याळी गतीने फिरत राही आणि आकाशाचा इष्ट भाग स्थिर करून भिंगात पाठवी. लांबलचक नळी तारांबरोबर फिरविण्यापेक्षा आरसा फिरविणे प्रवासी तुकडीला सुलभ असते. परंतु या सोयीपायी प्रकाशाच्या मार्गात भिंगाखेरीज आणखी एक पृष्ठ येते, आणि त्या पृष्ठाचा प्रत्येक दोष भिंगाच्या दोषासारखाच काचेवर उमटतो. ॲस्ट्रोग्राफच्या १६ इंची आरशात काही विकृती आहे हे सोब्रालला पूर्वतयारीतच आढळले होते. म्हणून १३ इंची भिंगापुढे आडोसा घालून त्याचा केवळ ८ इंचांचा मध्यभाग वापरावा लागला.

३

येथे शब्दाचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. ‘फोकस’ हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ चूल. प्रकाशशास्त्रात व भूमितीत तो केप्लरने १६०४ साली योजिला. सूर्यकिरण एकवटून जेथे दाह उत्पन्न होतो ते स्थान, ही कल्पना त्यामागे असावी. मराठी शास्त्रीय परिभाषेने त्यासाठी ‘नाभी’ हा संस्कृत शब्द घेतला; बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याकडे जसे सर्व आरे येतात, तसे किरण जेथे येतात ते स्थान. दोन्ही शब्द मुळात स्थानवाचक आहेत. परंतु छायाचित्रणाच्या व्यवहारात ‘फोकस’ या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला : प्रतिमेचा रेखीवपणा. ‘चित्र फोकसमध्ये नाही’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात किरणांच्या मीलनस्थानापेक्षा चित्राचा अंधुकपणाच असतो.

नित्याच्या व्यवहारात या दोन अर्थांची गल्लत झाली तरी बिघडत नाही. सोब्रालच्या काचांच्या बाबतीत मात्र सर्व वाद या दोन अर्थांमधील अंतरातच सामावलेला आहे. काचेवरील ताऱ्यांचे ठिपके केवळ पसरले असतील, तर त्यांचे मध्य शोधणे कठीण होते, पण मध्यांची परस्परांतील अंतरे कायम राहतात. याउलट प्रकाशमार्गाची प्रभावी लांबीच बदलली असेल, तर संपूर्ण चित्र किंचित मोठे किंवा लहान होते. म्हणजे नकाशाचे प्रमाणच बदलते. पहिल्या दोषामुळे साक्षीदाराचे बोलणे अस्पष्ट होते, आणि दुसऱ्यामुळे तो स्पष्टपणे खोटे सांगू लागतो. ‘फोकस बदलला’ या शब्दांत दोन्ही शक्यता एकाच वेळी मावतात.

हा धोका किती मोठा आहे हे साध्या गणिताने दिसून येते. चित्राच्या प्रमाणात तीन हजारांत एक एवढाच फरक पडला, तरी केंद्रापासून ५० कलांवर असलेला तारा काचेवर एक विकलेने सरकलेला दिसेल. जे शोधायचे आहे त्याच्याइतकी किंवा त्याहून मोठी ही चूक होईल.

४

ॲस्ट्रोग्राफचा फोकस ग्रहणापूर्वी रात्रीच्या ताऱ्यांची छायाचित्रे घेऊन निश्चित करण्यात आला होता. दूरस्थ तारा हा बिंदुरूप असल्यामुळे अशा परीक्षेला त्याच्याइतकी चांगली खूण नाही. काच थोडी पुढे, थोडी मागे अशा निरनिराळ्या स्थानी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, जेथे ठिपका सर्वांत लहान व गोल उमटेल ते स्थान नळीवरील मोजपट्टीवर वाचून ठेवावे आणि तेथे काच पक्की करावी, अशी ही पद्धत असते. तीत कसर राहिली होती असे मानण्यास आधार नाही.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी सोब्रालवर ढग होते. खग्रास स्थितीच्या सुमारास सूर्याभोवतीचे आकाश मोकळे झाले. पाच मिनिटांच्या आसपास मिळालेल्या अवधीत ॲस्ट्रोग्राफने १९ काचा व ४ इंची दुर्बिणीने ८ काचा घेण्यात आल्या. रात्री, ३० मेच्या पहाटे तीनच्या सुमारास, ॲस्ट्रोग्राफच्या चार काचा धुण्यात आल्या आणि त्या वाळताच दोष उघडकीस आला. तारे उमटले होते, पण त्यांचे ठिपके पसरट होते.

यानंतरचा परीक्षेचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. अशा दोषाचे कारण तीन ठिकाणी असू शकते : भिंगात, काच धरणाऱ्या बैठकीत अथवा आरशात. बैठक हलली असेल तर मोजपट्टीवरील वाचन बदलले पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते तपासण्यात आले, तेव्हा पूर्वीचेच वाचन आढळले. काच आपल्या जागी होती, आणि तरीही किरण तेथे मिळत नव्हते. दोष भिंगात कायमचा शिरला असता तर तो पुढेही दिसत राहिला असता. परंतु नंतर रात्री घेतलेल्या छायाचित्रांत त्याच स्थानी प्रतिमा पुन्हा ठीक येऊ लागल्या. म्हणजे दिवसा उत्पन्न होणारे व रात्री नाहीसे होणारे असे काही कारण हवे होते. उन्हात उघडा असणारा आरसा हेच ते एकमेव कारण राहिले. सूर्याच्या उष्णतेने आरसा असमान प्रसरण पावला, असा निष्कर्ष निरीक्षकांनी काढला.

हा निष्कर्ष वरवर पाहता दूरान्वयाचा वाटेल. परंतु सपाट आरशाला अत्यल्प बाक आला तरी तो दुर्बल भिंगासारखे कार्य करू लागतो. ३.४३ मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीची नाभी एक मिलिमीटर सरकण्यासाठी आरशाच्या आठ इंची भागाचा मध्य कडेच्या मानाने सुमारे ०.२ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या पाच हजाराव्या हिश्शाइतका, वर-खाली झाला तरी पुरेसे आहे. नाभी एक मिलिमीटर सरकली की ताऱ्याचा ठिपका सुमारे साडेतीन विकलांइतका पसरतो. उन्हात तापलेल्या जाड काचेला एवढी वक्रता येणे मुळीच असंभाव्य नाही.

५

कारण कळले, पण ग्रहण संपले होते. सामान्य छायाचित्रकाराला फोकसचा दोष आढळला तर तो भिंग किंवा बैठक दुरुस्त करून पुन्हा चित्र घेतो. येथे ती सोय नव्हती. दुरुस्ती करावयाची ती यंत्राची नव्हे, तर मापनाची.

या मापनाचा मुख्य आधार तुलनेच्या काचा हा होता. क्रॉमेलिन व डेव्हिडसन यांनी जुलैमध्ये, सूर्य त्या तारकासमूहापासून दूर गेल्यावर, तेच तारे पहाटेपूर्वीच्या अंधारात त्याच दुर्बिणींनी पुन्हा टिपले. ग्रहणाची काच व तुलनेची काच यांतील फरक म्हणजे विचलन, अशी यातील साधी कल्पना. या पद्धतीचे बळ असे की, भिंगाचा व आरशाचा जो दोष दोन्ही वेळी सारखाच असेल तो वजाबाकीत आपोआप जातो. तिची मर्यादाही यातच आहे. जो दोष केवळ दिवसा, केवळ उन्हामुळे उत्पन्न झाला, तो रात्रीच्या काचेवर येत नाही. त्यामुळे वजाबाकीत तो जात नाही, उलट विचलनाचे सोंग घेऊन शिल्लक राहतो.

गणिताच्या अंगाने या अडचणीचे स्वरूप असे. आइन्स्टाइनच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक तारा सूर्यापासून बाहेर सरकलेला दिसावा आणि हे सरकणे सूर्यापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असावे. प्रमाण बदलले असेल, तर प्रत्येक तारा केंद्रापासून बाहेर किंवा आत सरकेल आणि हे सरकणे अंतराच्या सम प्रमाणात असेल. दोन्ही परिणामांची दिशा एकच. भेद केवळ अंतराबरोबर होणाऱ्या घटीचा व वाढीचा. तारे जवळचे व दूरचे असे भरपूर असतील आणि त्यांचे ठिपके रेखीव असतील, तर समीकरणांतून दोन्ही परिणाम वेगळे करता येतात. ठिपके पसरलेले असतील तर एकाचा वाटा दुसऱ्याच्या पदरात सहज पडतो.

प्रत्यक्षात तसेच घडले. ग्रहणकाळी चित्राचे प्रमाण खरोखर बदलले होते असे मानून ते समीकरणांतूनच काढले असता ॲस्ट्रोग्राफच्या काचांवरून सूर्याच्या कडेचे विचलन सुमारे ०.९ विकला आले. म्हणजे न्यूटनचा आकडा. प्रमाण बदलले नव्हते, केवळ ठिपके पसरले होते, असे मानले असता त्याच काचांवरून सुमारे १.५ विकला आले. म्हणजे आइन्स्टाइनच्या आकड्याच्या बरेच जवळ. मूळ अहवालात या दोन्ही शक्यतांची नोंद आहे. ‘फोकस बदलला’ या वाक्याचा अर्थ कोणता घ्यावा, यावर एका विश्वसिद्धांताच्या बाजूने अथवा विरुद्ध मत पडत होते, आणि अर्थ निश्चित करण्याचे साधन त्या काचांत नव्हते.

६

ते साधन शेजारच्या दुर्बिणीत मिळाले. ४ इंची दुर्बिणीच्या आठ काचांपैकी एक ढगामुळे वाया गेली; उरलेल्या सात काचांवर प्रत्येकी सात तारे सुरेख व गोल उमटले होते. तिचे नाभीय अंतर अधिक असल्यामुळे काचेवरील प्रमाणही मोठे होते. तिच्यावरून आलेला आकडा १.९८ विकला, संभाव्य त्रुटी ०.१२. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक ताऱ्याचे स्वतंत्रपणे काढलेले विचलन अंतराबरोबर अपेक्षित रीतीने घटत होते. प्रमाणातील बदलाने असे चित्र उत्पन्न होत नाही. प्रिन्सिपे येथे ढगांनी बराच घात केला होता. तेथील मोजण्याजोग्या दोन काचांवर पाच-पाच तारे होते आणि त्यांचा आकडा १.६१ विकला, संभाव्य त्रुटी ०.३० असा होता.

या निर्णयाविषयी पुढे वाद झाला. १९८० साली जॉन इअरमन व क्लार्क ग्लायमोर यांनी असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, ॲस्ट्रोग्राफला वगळण्यास दिलेली कारणे पुरेशी निर्णायक नव्हती आणि सिद्धांताकडे असलेला कल त्या निवडीमागे असावा. एडिंग्टन हे आरंभापासून सापेक्षतेचे पुरस्कर्ते असल्यामुळे हा संशय लोकप्रियही झाला. तथापि डॅनिएल केनेफिक यांनी नंतर लक्ष वेधल्याप्रमाणे, सोब्रालच्या काचांचे मापन व त्यांवरील निर्णय डायसन यांच्या देखरेखीखाली ग्रिनिच येथे झाला, आणि डायसन हे सिद्धांताविषयी साशंक होते. वरील क्रम पाहता आणखी एक गोष्ट सांगता येते. दोषाची नोंद झाली ती काचा धुतल्या त्या पहाटे, सोब्राल येथेच. त्या वेळी एकाही ताऱ्याचे मापन झालेले नव्हते आणि तो दोष कोणत्या सिद्धांताच्या विरुद्ध जाणार हे कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. आकडा न आवडल्यामुळे दोष शोधला गेला नाही. आकडा येण्यापूर्वी दोष लेखी होता.

त्या काचा जपून ठेवल्या होत्या हेही महत्त्वाचे ठरले. साठ वर्षांनी, १९७९ साली, ग्रिनिचच्या वेधशाळेतील आधुनिक मापनयंत्रावर व संगणकाच्या साहाय्याने त्या पुन्हा मोजण्यात आल्या. ४ इंची दुर्बिणीचा आकडा १.९० विकला, त्रुटी ०.११ असा आला, ॲस्ट्रोग्राफचा १.५५ विकला, त्रुटी ०.३४ असा. ज्या साक्षीदाराला १९१९ साली बाजूला बसविले होते, त्याची साक्ष प्रतिकूल नसून केवळ अस्पष्ट होती, असे यावरून दिसते. त्रुटीचा आकडा मात्र मोठाच राहिला. मापनाचे कसब वाढल्याने पसरलेल्या ठिपक्याचा मध्य अधिक चांगला सापडतो. न उमटलेला रेखीवपणा परत येत नाही.

७

या प्रश्नावर काम करणाऱ्या दुसऱ्या एका गटाचा अनुभव येथे ताडून पाहता येतो. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल हे ग्रहणवेधांतील अत्यंत अनुभवी निरीक्षक. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा घेऊन आले होते. १९१४ साली रशियात गेलेली त्यांची उपकरणे युद्धामुळे तेथेच अडकली, आणि ८ जून १९१८ च्या ग्रहणाला त्यांना गोल्डनडेल येथे उसन्या भिंगांवर काम भागवावे लागले. प्रतिमा समाधानकारक आल्या नाहीत. त्यांवरील मापने आइन्स्टाइनच्या विरुद्ध जात होती. तरी कॅम्पबेल यांनी ती अंतिम म्हणून प्रसिद्ध केली नाहीत. येथेही सदोष प्रतिमांना निर्णयाचा अधिकार दिला गेला नाही, आणि येथे तर त्या काळी आइन्स्टाइनच्या बाजूने अनुकूल असा दुसरा पुरावाही हाती नव्हता.

पुढे २१ सप्टेंबर १९२२ च्या ग्रहणाला ऑस्ट्रेलियातील वॉलाल येथे कॅम्पबेल व रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी याच कामासाठी तयार केलेले १५ फुटी कॅमेरे नेले. ते आकाशाच्या गतीबरोबर फिरणाऱ्या बैठकीवर थेट आकाशाकडे रोखलेले होते. मध्ये आरसा नव्हता. त्यांचा आकडा १.७२ विकला, त्रुटी ०.११ असा आला. सोब्रालच्या दोषाची खरी दुरुस्ती ही होय. तापणारा आरसा सुधारण्याऐवजी तो प्रकाशाच्या मार्गातूनच काढून टाकला गेला.

सोब्रालच्या काचांचा इतिहास सामान्यतः आइन्स्टाइनच्या विजयाची एक तळटीप म्हणून अथवा शास्त्रज्ञांच्या पक्षपाताचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. दोन्ही कथनांत परीक्षेचा तो क्रम लुप्त होतो : मोजपट्टीचे वाचन, रात्रीची प्रतिमा, उन्हातील आरसा, जुलैमधील तुलना, आणि शेवटी दोन गृहीतांखाली काढलेले दोन आकडे. ग्रहणाच्या काचेवरील नाभिदोष पुसता येत नाही. परंतु तो कोठे उत्पन्न झाला, केव्हा झाला आणि मोजमापाला त्याने कोणत्या बाजूने ढकलले असेल, हे ठरविता येते. आणि जेथे ते ठरविता येत नाही तेथे त्या काचेला किती वजन द्यावयाचे हे तरी ठरविता येते. डायसन, क्रॉमेलिन व डेव्हिडसन यांनी न आवडणाऱ्या काचा फोडल्या नाहीत, त्यांचे आकडे लपविले नाहीत आणि त्यांना नसलेली स्पष्टताही बहाल केली नाही. त्यामुळेच साठ वर्षांनी त्याच काचांना पुन्हा प्रश्न विचारता आला.